नोटिशीखालच्या मराठी ओळी

मारुंजीतल्या आमच्या सोसायटीत, लिफ्टजवळच्या बाकावर एक आजी रोज दिसायच्या. नऊवारी नेसलेल्या, चष्मा दोरीने बांधलेला. सोसायटी त्यांच्याच भातखाचरांवर उभी राहिली, म्हणून त्यांना तिथे फ्लॅट मिळालेला. लिफ्टशेजारी लागणाऱ्या इंग्रजी नोटिशीखाली चार ओळी मराठीत असायच्या, फक्त त्यांच्यासाठी. आजी त्या ओळींखाली बोट धरून मोठ्याने वाचायच्या. मराठी नसली की सेक्रेटरीच्या दारात जाऊन बसायच्या, लिहून मिळेपर्यंत.

मी तेव्हा कॅनडाला जाण्यासाठी फ्रेंच शिकत होतो. एकदा लिफ्ट बंद पडली म्हणून पुस्तक उघडून त्यांच्याशेजारी टेकलो.

"काय वाचतुयास?"

"फ्रेंच," मी वैतागून म्हणालो. "त्या देशात दोन सरकारी भाषा. मी जाणार तिथे सगळे इंग्रजीच बोलतात. तरी सरकारी कचेरीत एखादा फ्रेंचवाला आला, तर त्याला फ्रेंचमधूनच उत्तर द्यायचं. एका माणसासाठी केवढा खटाटोप!"

"मग? लई जनांना कायदा कशाला लागतुया? त्यांचं तसंबी चालतंय. कायदा एकट्या मानसासाठीच आसतो." त्यांनी ताठ मानेने नोटिशीकडे बोट केलं. "हितं मी एकटी हाय."

पुढे तोंडी परीक्षेत विचारलं, इंग्रजी मुलखात फ्रेंच कशाला? मी आजींचं उत्तर फ्रेंचमध्ये दिलं. परीक्षकबाईंनी पेन खाली ठेवलं.

"हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात नाही," मी म्हणालो. "आमच्या मारुंजीत आहे."