आईच्या ओळीला जोड

धाकट्या बहिणीची बदली सुरगाण्याच्या शाळेत झाली, तेव्हा तिचं सामान पोचवायला मी माझी गाडी काढली. गाद्या, भांडी, गॅसची शेगडी मागे कोंबली. उरलेल्या जागेत आई आणि ती एकमेकींना चिकटून बसल्या. माझ्या शेजारच्या सीटवर टेबलफॅन होता.

वणी सोडल्यावर आईनं ओळ धरली.

"डोंगराच्या वाटंला गं भाताची खाचरं…"

बहिणीनं लगेच जोड दिली, "धाकटी तुझी लेक शिकवी तिथली लेकरं."

दोघी हसल्या. आमचा मळा नाशिकला लागून. पहाटे गुलाब तोडताना आई अशा ओळी रचायची आणि समोरच्या सरीतून धाकटी त्या पुऱ्या करायची. मला शाळेत गाण्याचं बक्षीस मिळालं होतं, म्हणून वडिलांनी शहरात गाण्याच्या क्लासला घातलेलं. फुलं तोडायच्या वेळेला मी बसमध्ये असायची. पुढे मी परीक्षा दिल्या, विशारद झाले. गाणारी म्हणून घरात नाव माझंच होतं. पण आई माझ्याबरोबर कधी गायली नाही.

आरशात मला त्या दोघी दिसत होत्या. रस्त्यात जे दिसेल ते त्या गाण्यात ओढत होत्या. टपावर माणसं बसलेली जीप आली, नागलीचं शेत आलं, बहिणीची नवी शेगडीसुद्धा आली. मी गाडीतलं गाणं लावलं, जरा मोठ्यानं. आई गप्प झाली.

"ताई, बंद कर ना," बहीण म्हणाली. "आई आज कितीतरी दिवसांनी गातेय."

मी बंद केलं. घाट लागला होता. थोड्या वेळानं आई पुन्हा सुरू झाली.

"गाडीचं चाक हाती माझ्या थोरलीच्या…"

मी पुढची ओळ शोधायला लागले. सूर मिळत होता, शब्द मिळेनात. तेवढ्यात मागून बहीण म्हणाली, "घाटाची सारी वळणं मुठीत तिच्या."

आईनं तिच्या मांडीवर थाप मारली. माझ्यावरची पहिलीच ओवी, आणि तीही त्या दोघींची. मला आनंद झाला आणि रागही आला. मी गिअर बदलला.

खोली लावून झाल्यावर बहिणीनं आईला मिठी मारली, मग मला. परतताना आई पुढे बसली, टेबलफॅनच्या जागी.

"आई, गा ना काहीतरी."

"एकटीला नाय येत. जोड लागती."

"मी देते."

तिनं माझ्याकडे जरा संशयानंच पाहिलं. "रिकामी झाली गाडी गं, रिकामी झाली सीट…"

या वेळी मी थांबले नाही. "धाकटीला ठेव देवा सुरगाण्यात नीट." शेवटच्या अक्षरावर सवयीनं एक छोटी तान गेली.

"जमलं," आई म्हणाली. "पण त्या ताना नको घेऊस. फुलं तोडताना दम नाय राहत."

सुचायला सुचलं ते पण धाकटीबद्दलच, असं माझ्या मनात आलं. तरी त्यानंतर आम्ही आणखी चार-पाच ओव्या केल्या. निम्म्या फसल्या. एकीत तर मी टोलनाका घातला आणि त्याला यमकच मिळेना. आई तोंडाला पदर लावून हसत होती. माझ्याबरोबर ती अशी हसल्याचं मला आठवत नव्हतं.

वणीपाशी मोबाइलला रेंज आली. आईनं ताबडतोब धाकटीला फोन लावला.

"अगं ऐक, तुझ्या ताईनं लय भारी ओवी जोडली," असं म्हणून तिनं माझी ओळ तिला गाऊन दाखवली, तान वगळून. पलीकडून धाकटीनं त्यावर आणखी एक रचली. मग त्या दोघी दिंडोरी येईपर्यंत फोनवर गात राहिल्या. मी काच थोडी खाली केली आणि गाडी चालवत राहिले.