दोन चमचे सोडा

धाकट्या जावेनं लग्नानंतर महिनाभरातच कुकरमध्ये मिठावर वाट्या ठेवून व्हॅनिला कपकेक केले. वीस वर्षं माझ्या भाकरीला कधी बरं न म्हटलेल्या सासऱ्यांनी ते मागून मागून खाल्ले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढं दौंडचे पाहुणे यायचे होते, म्हणून तिनं मैदा तिप्पट घेतला. "जाऊबाई, आता सोडा किती घालू वो?"

"घाल की दोन मोठे चमचे," मी म्हणाले. एक लहान चमचा पुरला असता, हे मला पक्कं ठाऊक होतं.

सासऱ्यांनी पाहुण्यांदेखत पहिलाच घास थुंकला. अन्न टाकायचं नाही म्हणून ते कडू कपकेक दोन दिवस तिनं एकटीनं खाल्ले.

आता सोडा ती मलाच घालायला लावते. म्हणते, "माझ्या हाताचा भरवसा न्हाई, जाऊबाई. तुम्हीच घाला."