दोरू नदीवर नोव्हायकर

पोर्तुगालच्या रिव्हर क्रूझबद्दल मला अजूनही फोन येतात. "केबिन कुठली घेऊ? जेवणाचं काय? चालावं किती लागतं?" साधे प्रश्न! पटकन उत्तरं देऊन फोन ठेवावा, तर प्रत्येक उत्तराला एक किस्सा चिकटलेला आणि त्या किश्शाला दुसरा. पलीकडच्या माणसाचा वरणभात निवतो आणि मी अजून पहिल्याच धरणावर असते. तेव्हा एकदाचं लिहूनच टाकते.

२००६च्या सप्टेंबरात आम्ही दहा-बारा जण मिशिगनमधल्या नोव्हायहून गेलो होतो. बहुतेक सगळे रिटायर्ड काका-काकू. मी त्यांच्यात 'तरुण', म्हणजे पंचेचाळिशीची! त्यामुळे बॅगा मोजायचं काम माझ्याकडे.

सगळ्यात मोठ्या नलूमावशी साठे. निवृत्त डॉक्टर. नवरा जाऊन काही वर्षं झालेली, दोन्ही गुडघे ऑपरेशन करून बदललेले, आणि मोठ्या घरात एकट्या. कॅलिफोर्नियातल्या मुलाचं, अभिजितचं, एकच पालुपद. "आई, घर विक, माझ्याकडे ये. यू कान्ट मॅनेज अलोन!" मावशींना नोव्हाय सोडायचं नव्हतं. शेवटी मायलेकात सौदा ठरला. ही ट्रिप मावशींनी नीट निभावली, तर घराचा विषय कायमचा बंद. नाही जमलं, तर घरासमोर 'फॉर सेल'ची पाटी.

"नदी म्हणजे सपाट. बसल्या जागी देश बघायचा!" असं म्हणून मावशींनीच ही क्रूझ निवडली. पोर्तुगालच्या त्या भागात सपाट फक्त नदीच आहे, हे आम्हाला तिथे गेल्यावर कळलं.

* * *

केबिनबद्दल विचाराल, तर कुलकर्णीकाकांना विचारा. आयुष्य कार कंपनीत गेलेलं, त्यामुळे कुठल्याही यंत्रावर त्यांचा चटकन विश्वास बसत नाही. बाल्कनीवाली केबिन हवी म्हणून त्यांनी ट्रॅव्हल एजंटचं डोकं खाल्लं होतं. "व्ह्यू महत्त्वाचा!"

दुसऱ्या दिवशी धरण आलं. जहाज वर चढवायला धरणाला लागूनच एक अरुंद, विहिरीसारखा उभा कप्पा असतो, 'लॉक'; जहाज त्यात शिरलं आणि मागचं दार बंद झालं. काका बाल्कनीत बसले होते. समोर व्ह्यू काय, तर हातभर अंतरावर शेवाळलेली ओली भिंत!

आम्ही हसत होतो, पण काका हसेनात. खालून पाणी भरत होतं आणि अख्खं जहाज अलगद वर चाललं होतं. "पंप कुठे आहे?" त्यांनी खलाशाला विचारलं. पंप नाहीच, वरचंच पाणी खाली सोडतात, असं तो म्हणाला. वर ऊन लागेपर्यंत काका रेलिंगवरून वाकून चढतं पाणी बघत राहिले.

मग म्हणाले, "आम्ही जन्मभर गाड्या केल्या. ह्या लोकांनी नदीला लिफ्ट बसवली, यार!"

यार हा शब्द काकांच्या तोंडून आम्ही पहिल्यांदाच ऐकला.

* * *

आणि हो, वरच्या डेकवर बसायचं तर खलाशांचं ऐकायची तयारी ठेवा. काही पूल इतके ठेंगणे आहेत, की जहाज खालून जाताना छत्र्या आडव्या करतात, रेलिंग आडवं करतात, आणि माणसांना खाली पिटाळतात.

एकदा पायऱ्यांवरून मंदाकाकू, म्हणजे आमच्या कुलकर्णीकाकू, किंचाळल्या, "अहो, कॅप्टन कुठे गेला?"

कॅप्टनची अख्खी खोलीच जहाजाच्या पोटात खाली गेली होती! छताला एक झाकण, त्यातून त्याचं फक्त डोकं बाहेर. तेवढ्या डोक्यावर तो जहाज चालवत होता. पूल डोक्यावरून गेला तेव्हा त्याने आमच्याकडे बघून डोळा मिचकावला.

"ह्याच्या बायकोने हे बघितलंय का कधी?" काकू म्हणाल्या.

* * *

जेवणाची काळजी करू नका. पाव आणि बटाटा हे शब्द मूळचे त्यांचेच, त्यामुळे ते तर तिथे मराठीतच मागता येतात. तरी मंदाकाकूंनी एक बॅग भरून मेतकूट, लोणची आणि चिवडा नेला होता, शिवाय मसाल्याचा डबा. शेफ बिचारा शाकाहारी लोकांसाठी रोज मनापासून राजम्याचा भात करायचा. काकू रोज मनापासून म्हणायच्या, "छान आहे हो, पण झोपलेला आहे."

एके दुपारी त्या डबा घेऊन थेट भटारखान्यात! तेल, मोहरी, आणि हिंग. थोड्याच वेळात वास सगळ्या डेकवर. एका अमेरिकन बाईंनी गॅस लीक झाल्याची तक्रार केली आणि दोन खलाशी धावत आले. भटारखान्यात शेफ कढईतूनच भात खात उभा होता.

शेवटच्या रात्रीच्या मेनूत पोर्तुगीजमध्ये एक नवा पदार्थ होता. 'मंदाचा भात'!

* * *

चालावं किती लागतं? लमेगु नावाच्या गावात टेकडीवर चर्च आहे आणि शेकडो पायऱ्या. मावशींचा चेहरा पडला. "हे मला नाही जमायचं गं." मलाही घरासमोरची पाटी दिसायला लागली.

आमच्या गाइडने, तेरेझाने, ते अचूक हेरलं. त्या बाईला मी मनातल्या मनात हात जोडले. तिने मावशींच्या कानात काहीतरी सांगितलं आणि आम्हाला पुढे पाठवलं. आम्ही धापा टाकत वर पोचलो, तर मावशी कॉफी पीत बसलेल्या! मागच्या बाजूने बसचा रस्ता होता.

"अभिजितला सांग, आई वर पोचली," मावशी म्हणाल्या. "कशी, ते सांगू नकोस."

* * *

शेवटी द्राक्षांचा मळा. काढणीचे दिवस होते. संध्याकाळी दगडी हौदात द्राक्षं ओततात आणि माणसं खांद्याला खांदा लावून, लेफ्ट-राइट करत वाइनसाठी ती पायांनी तुडवतात. तेरेझाने विचारलं, "कोण उतरणार?"

ओहायोचा एक ग्रुप पँटचे पाय दुमडायला लागला. आमची मंडळी मात्र मागे सरली. "खायच्या वस्तूला पाय कसा लावायचा गं?" मंदाकाकू पुटपुटल्या.

तेवढ्यात नलूमावशी पुढे झाल्या. सलवार वर खोचली, नळावर पाय धुतले. हौदापाशी वाकल्या, द्राक्षांना हात लावला, तो कपाळाला लावला, आणि काठ धरून आत उतरल्या! तिथला म्हातारा मुकादम बघत होता. त्याने टोपी काढली आणि त्यांच्यासाठी रांगेत आपल्या शेजारी जागा केली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

ओहायोवाल्यांना वाटलं, इथली रीतच असणार. एकेक जण वाकून, द्राक्षांना हात लावून, कपाळाला लावून उतरायला लागला! ते बघून मंदाकाकूही उतरल्या.

नेमका तेव्हाच माझा सेलफोन वाजला. अभिजित.

"मीनाताई, आई कशी आहे? शी इज रेस्टिंग, राइट?"

मी हौदाकडे बघितलं. मावशी मांड्यांपर्यंत जांभळ्या झाल्या होत्या. एक हात मुकादमाच्या खांद्यावर, दुसरा ओहायोच्या एका आजोबांच्या.

"अं... उभ्या आहेत," मी म्हणाले.

"फोन दे ना तिला."

"मावशी!" मी ओरडले. "अभिजित!"

मावशींनी मान वळवली नाही की पाय थांबवला नाही.

"त्याला म्हणावं, आई कामात आहे! नोव्हायला, माझ्या घरी पोचले की करते फोन!"