पटक्यावरचा तालुका

लातूर जिल्हा नवा झाला आणि मी मास्तर, उदगीरहून घरच्या अहमदपूरला बदली मागत लातूरला खेटे घालू लागलो. दुष्काळ असा, की फूल औषधालाही नव्हतं. अहमदपूरच्या स्टँडवर शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्यानं उसाचा रस अंगावर सांडून घेतला, तशी फुलपाखरं त्याच्यावरच उतरली. गुडघ्यावर पिवळी, पटक्यावर पांढरी.

मी सवयीनं शिकवायला लागलो, "वर्षावनात असंच असतं. सावलीतली वेगळी, शेंड्यावरची वेगळी."

"म्हंजे तालुके पडले की!" तो मान न हलवता म्हणाला. "गुडघा उदगीर, पटका अहमदपूर."

लातूरची बस लागली. मी म्हणालो, "चला, काका!"

"जावा तुमी. जिल्हाच उठल्यावर तालुक्यानं कुठं जावं?"

बस सुटताना खिडकीतून पाहिलं. एक पिवळं गुडघ्यावरून उडालं आणि पटक्यावर जाऊन बसलं.

माझ्याआधी त्याची बदली झाली.