काडेपेटीतला पतंग

तेर गावच्या रस्त्याला एका वयस्कर शेतकऱ्यांचं हरभऱ्याचं रान आहे. थंडीभर रोज सकाळी मी शाळेत शिकवायला निघालो, की ते बांधावरून हात वर करून माझी गाडी थांबवायचे. कानाला मफलर आणि मुठीत, किडीसाठी पिकात लावलेल्या कामगंध सापळ्यातून काढलेला पतंग.

"गुरुजी, वळखा बरं, कोन ह्यो?"

मी गाडी चालूच ठेवून न ओळखल्यासारखं करायचो. मग ते खुलायचे.

"पिवळसर तपकिरी अंग. पुढच्या पंखावर ह्यो काळा ठिपका, मागच्या पांढुरक्या पंखाला काळी किनार. म्हंजी हरभऱ्याचं घाटं खानाऱ्या घाटेअळीचाच. आन् समदे नर बरं का! मादीच्या वासानं येत्यात. आत मादी न्हाय, नुसती तिच्या वासाची रबराची गोळी हाय."

त्यांच्या घरी कोण असतं, हे मी कधी विचारलं नाही. मला शाळेची घंटा गाठायची असायची.

हरभरा निघाला, सापळेही काढले. आता ते थांबवणार नाहीत असं वाटलं. पण सोमवारी मोकळ्या रानातून हात वर झाला. त्यांनी खिशातून काडेपेटी काढली. आत थंडीतला एक पतंग जपून ठेवला होता, पण हलून हलून पंखांवरची भुकटी पार झडली होती. रंग गेला होता, ठिपकाही.

"वळखा बरं?"

या खेपेला मला खरंच ओळखता आलं नसतं. त्यांनी कोऱ्या पंखावर नख टेकवलं.

"ह्यो बघा ठिपका. दिसला का?"

"दिसला की," मी म्हणालो, आणि गाडी बंद केली.