एका डोळ्याच्या म्हाताऱ्याची भिंत

ती माझी पाठची बहीण. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी तिचं कौतुक करायला लागलो की कुणी नाक मुरडायला नको. सुतारकामात माझंही नाव आहे, मी बसवलेला दरवाजा कधी कुरकुरत नाही, कुणालाही विचारा. पण मी आधी मोजतो, मग कापतो. ती नुसती बघते आणि कापते.

ती पडदे शिवते. मोठ्या दुकानाच्या मागच्या खोलीत शिलाई मशिनी मांडल्यात, त्यातली खिडकीजवळची तिची. संध्याकाळी मशिनींच्या पायाशी उरल्यासुरल्या तुकड्यांचा ढीग पडतो. फुलांचे, पट्ट्यांचे, जाडे, पातळ. दुकानाची मालकीण म्हणते, "ने गं बाई, तेवढाच माझा केर कमी." ती पिशवी भरून नेते.

नवरा लांबच्या ट्रकवर. घरात बहुतेक वेळ ती आणि तिची सात वर्षांची लेक. लेकीला आम्ही मुंगी म्हणतो, कारण कधी काय उचलून कुठं नेऊन ठेवेल, पत्ता लागत नाही. भाड्याच्या दोन खोल्या, त्यातली आतली मुंगीची. तिथल्या भिंती फिक्या हिरव्या ऑइलपेंटच्या, सरकारी दवाखान्यात असतात तशा. पलंगासमोरच्या भिंतीवरून आधीच्या भाडेकरूनं कसलीशी फळी उपटून नेली होती. घरमालकानं तिथं लांबी, म्हणजे भोकं बुजवायची पांढरी पुट्टी, फासली आणि हात झटकले. वर रंगाचा एक हात काही मारला नाही.

त्या पांढऱ्या डागात मुंगीला म्हातारा दिसायचा. लांब नाक, खाली दाढी, आणि एकच डोळा. डोळा म्हणजे बुजवायचं राहून गेलेलं खिळ्याचं भोक.

"तो बघतो माझ्याकडे," मुंगी म्हणायची, आणि रोज उशी काखेत मारून आईच्या अंथरुणात.

बहिणीनं घरमालकाला कितीदा सांगितलं, काका, तेवढा डाग रंगवून द्या. तो म्हणायचा, "भिंत आहे ती, पोरीनं तिच्याकडे बघायचं कशाला? आणि हो, खिळा मारायचा नाही. माझ्या घराला भोक चालणार नाही." भोक त्याच्याच घराला आधीपासून होतं, पण ते कोण बोलणार.

मी म्हटलं, "त्या डागापुढं मस्त कपाट उभं करतो."

"दादा, तुझं कपाट आत आलं की पोरगी बाहेर," ती म्हणाली. "राहू दे. मी बघते."

तिनं मैद्याची खळ शिजवली, पातळ, फडक्यातून गाळून. भिंतीला आधी खळ, त्यावर कापड, कापडावर परत खळ, आणि मधली हवा तळहातानं कडेला ढकलत न्यायची. कागदावर एक रेघ काढली नाही. पलंगावर बसून मुंगी हुकूम सोडत होती.

"माकड पाहिजे."

"हे घे माकड."

"असं नको. उलटं लटकलेलं."

आईनं माकड उलटं लावलं. मुंगीनं मान वाकडी करून बघितलं. "हां. आता खरं वाटतंय."

जाड्या तपकिरी कापडाचं खोड उभं राहिलं. त्याच्या फांद्या छताला टेकल्या. पानं इतक्या तऱ्हेची की दोन सारखी सापडायची नाहीत. म्हाताऱ्याचं नाक, दाढी सगळं खोडाखाली गडप झालं. फक्त डोळ्याची जागा दोन फांद्यांच्या मधे उघडी राहिली, कारण मुंगीनं ती मागून घेतली होती. तिथं तिनं स्वतः कापलेला लाल पक्षी लावला. एक पंख मोठा, एक बारका. आईला बाहेर पाठवून एकटीनं लावला.

त्या दिवसापासून पोरगी आपल्या खोलीत झोपायला लागली. मला विचाराल तर असली भिंत पैसेवाल्यांच्या घरात मी बघितलेली नाही, आणि मी पुष्कळ घरांत कपाटं बसवलीत.

मग घरमालक आला, नळ बघायला म्हणून. भिंत बघितली आणि ओरडला, "वाटोळं केलंत भिंतीचं."

"काका, खळीनं लावलंय. पाण्यानं निघतं." तिनं ओल्या बोटानं एक पान सोडवलं, भिंत पुसली. "बघा, डागसुद्धा नाही."

तो मोबाईलमध्ये बघत होता. "मला शिकवू नका. महिनाअखेर घर रिकामं करा."

एवढं सुद्धा तिनं गिळलं. दुकानाजवळ दुसरं घर शोधलं, सामान बांधायला घेतलं. पण घर सोडायच्या आदल्या संध्याकाळी मालक नवे भाडेकरू घेऊन आला. एक जोडपं आणि त्यांची एवढीशी पोर. पोरीनं माकडाच्या शेपटीवर हात ठेवला तो काढेचना.

"किती गोड आहे हो," तिची आई म्हणाली. "हे असंच राहील ना?"

"राहणार तर," मालक म्हणाला. "भिंतीला चिकटलं ते घराचं. मी मुद्दाम लहान मुलांसाठी करवून घेतलंय."

माझी बहीण दारातच उभी होती, हातात अर्धी बांधलेली भांडी. तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. ती म्हणाली, "काका, हे मी केलंय."

"हो हो. यांनीही हातभार लावला," तो म्हणाला, आणि पाहुण्यांना मोरी दाखवायला घेऊन गेला.

हातभार. माणसाच्या जिभेला काही हाड? जी भिंत बघून तिला घराबाहेर काढलं, तीच भिंत दाखवून नवं गिऱ्हाईक गळाला लावतोय. भांडी खाली ठेवून ती मुंगीशेजारी बसली.

"आई," मुंगी हळूच म्हणाली, "आपलं झाड त्यांचं झालं?"

"नाही."

"त्या काकांनी सांगितलं ना."

"काकांनी सांगून होत नसतं."

तिनं मला फोन केला. ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "उद्या येतो पान्हा घेऊन. बघतोच त्याला."

"पान्हा नको. मोठी बादली आण. माझी गळते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही लागलो. ओला स्पंज वरून खाली फिरवायचा, कापड भिजलं की टोक धरून अलगद ओढायचं. छताकडच्या फांद्या मी काढल्या, उंची माझीच. पानं, माकड, खोड, सगळं अखंड सुटलं. मुंगी एकेक तुकडा दोरीवर वाळत घालत होती. मागं भिंत जशीच्या तशी, हिरवी, आणि मधोमध म्हातारा.

पक्षी तेवढा निघेना. मी नख लावलं, कानस लावली. मुंगी तोंड लपवायला लागली तेव्हा उलगडा झाला. पोरीनं माझ्या पिशवीतला लाकडाचा गोंद पळवला होता आणि पक्षी त्यानं चिकटवला होता, म्हाताऱ्याचा डोळा कायमचा बंद राहावा म्हणून. माझा गोंद असा सुटत नसतो, हे मी छाती ठोकून सांगतो. मी पटाशी काढली.

"मामा, राहू दे," मुंगी म्हणाली. "ती मुलगी माझ्याहून बारकी आहे. तिच्याकडे पण बघेल तो."

बहिणीनं माझ्या हातातली पटाशी काढून घेतली.

तेवढ्यात मालक आला. भिंत बघून त्याचा चेहरा पडला. "हे काय? मी त्यांना शब्द दिलाय."

"तुम्हीच म्हणालात वाटोळं केलं. ते निस्तरलं," ती म्हणाली. "भिंत दिली होती तशी घ्या."

त्यानं पक्ष्याकडे बोट केलं. "आणि हे?"

"ते माझ्या लेकीनं त्यांच्या लेकीला दिलंय. तुमचा त्यात हातभार नाही. सांगताना तेवढं नीट सांगा."

मग तिनं बादली मोरीत उपडी केली, आणि आम्ही ओलं झाड दोघांच्या खांद्यावर टाकून जिना उतरलो.