इथे आई मारायची नाही

आमच्या कट्ट्यावर कथा कमी आणि कथांचे किस्से जास्त साठलेत. दर रविवारी सकाळी आम्ही चौघं बंगळूरच्या चामराजपेटेत सुमनअक्कांच्या घरी जमतो, आपापलं लिहिलेलं वाचतो, उप्पिट खातो. परतताना कथेतलं काही आठवत नाही, मध्येच कोण काय बोललं तेवढं आठवतं. आणि त्यातले बरेचसे किस्से आयांचेच. घरापासून लांब राहणारी माणसं लिहायला बसली की कागदावर पहिली तीच येते बहुतेक!

आमच्यात एक पद्धत आहे. कथेवर नाव घालायचं नाही. अक्का सगळ्यांच्या प्रिंट काढतात, गठ्ठा पिसतात, ज्याच्या हाती जी येईल ती त्याने वाचायची. "लेखकाने स्वतः वाचलं की तो वाचत नाही, वकिली करतो," असं अक्का म्हणतात. मला ही पद्धत फार आवडायची. नाव नसलं की मी बरीच धीट असते.

*

निखिल नागपूरचा, हेब्बाळला आयटीत. त्याच्या कथांत आया पटापट मरायच्या.

एकदा त्याची कथा माझ्या हाती आली. पहिल्याच परिच्छेदात आई खोकली.

"खोकली? मग गेली!" अक्का म्हणाल्या.

मी नेटाने वाचत राहिले. शेवटच्या पानावर आई मुलाचा हात घट्ट धरते, तिचे डोळे मिटतात, आणि तेवढ्यात टेबलावरचा फोन असा थरथरला की मी दचकले आणि कागद थेट उप्पिटात! स्क्रीनवर 'आई'. निखिलने गडबडीत स्पीकरच लावला.

"अरे, मला एक बॅडमिंटनची रॅकेट मागवून दे ना ऑनलाइन. जुनीची जाळी तोडली मी काल!"

त्या दिवशी ठराव झाला: इथे आई मारायची नाही.

*

मग आया जगायला लागल्या, पण फारच चांगल्या वागायला लागल्या.

गिरीशअण्णा निपाणीकडचे, इथल्या एका शाळेत गणित शिकवतात. त्यांच्या कथेतली आई पहाटे उठून सडा घालते, भाकऱ्या थापते, शेण काढते, सासूचे पाय चेपते. वाचता वाचता निखिललाच धाप लागली.

"सरी, ठीक आहे," अक्का म्हणाल्या, "पण ही बसते कधी?"

"आई आहे ती, अक्का. बसेल कशी?" अण्णांचे कान लाल. नाव नसलं तरी आमच्यात लेखक असा कानांवरून कळतो.

पुढच्या रविवारी अण्णा आले. "आईला फोन करून विचारलं," ते म्हणाले. "म्हणाली, तुम्ही शाळेला गेलात की दुपारी मी पत्ते खेळायची."

"कुणाशी?"

"तेच विचारलं. तर म्हणते, ते घेऊन तुला काय करायचंय?"

अण्णांची ती कथा अजून अर्धीच आहे.

*

अक्कांची एक कथा मात्र इथल्या मराठी मंडळाच्या अंकात नावासकट छापून आली. दोन मुलांची आई. एकावर तिचा जीव थोडा कमी. वाईट वागत नाही, पण त्याच्या ताटात वाढताना हात जरा लवकर थांबतो. मला ते वाक्य वाचून कसंतरीच झालं होतं.

अक्कांनाही दोन मुलगे, दोघंही परदेशात. अंक पोचल्यावर दोघांचे वेगवेगळे फोन आले. "आई, खरं सांग, तो मीच ना?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?" मी घाबरतच विचारलं.

"दोघांनाही 'हो' म्हटलं!" अक्का कॉफी ओतत होत्या. "स्वल्प जास्त फोन करतात आता."

*

हे ऐकून मला धीर आला, आणि मी ती गोष्ट लिहिली.

माझ्या कथेतली आई रोज दुपारी बाथरूममध्ये जाते, कडी लावते, नळ सोडते आणि नुसती बसून राहते. बाहेर तिची लहान मुलगी दाराला टेकून बसलेली. आपल्यालाच कंटाळून आई आत गेली, असं तिला वाटतं. एक दिवस ती खूप रडते. ते ऐकून आई दार उघडते आणि तिला जवळ घेते. बस, एवढीच.

हे मी कुणाजवळ बोलले नव्हते. आईजवळ तर नाहीच. कानावर गेलं असतं तर ती भांडली नसती, फोनवर नुसतं "बरं, ठेवते" म्हणाली असती. मला त्या "ठेवते"चीच भीती.

कथा अक्कांना पाठवली आणि शनिवारी आई पुण्याहून न सांगता कोरमंगलाच्या माझ्या पीजीच्या दारात! "सरप्राइज!" मी किंचाळले. शेजारची मुलगी झाडू घेऊन धावत आली.

रविवारी आईला एकटी कुठे ठेवणार? ऑटोत बसल्या बसल्या अक्कांना मेसेज केला, 'माझी कथा काढून टाका, प्लीज.' पोचलो तर अक्कांचा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला, आणि गठ्ठा पिसून झालेला.

"आज पाहुण्यांचा मान पहिला," असं म्हणून त्यांनी वरचा कागद आईच्या हातात दिला.

पहिल्या वाक्यालाच मला कळलं. आई पेपरसुद्धा मोठ्याने वाचते, तिचा आवाज स्वच्छ आहे. कडीपाशी ती जराशी थांबली, चष्मा वर सरकवला, पुढे वाचत गेली. नळ. दार. मुलगी. निखिल माझ्या कानांकडे बघत होता.

वाचून झालं. आईने कागदाची नीट घडी घातली.

"कशी वाटली, ताई?" अक्कांनी विचारलं.

"चांगली आहे. जिने लिहिलीय तिला पुष्कळ आठवतंय." आईने माझ्याकडे पाहिलं नाही. "फक्त शेवट खोटा आहे. पोरगी रडली म्हणून ती बाई बाहेर नाही आली."

"मग?" निखिलने विचारलं.

"टाकीतलं पाणी संपलं."